मेंदूचे संशोधन आणि रोजंदारीचा हिशेब

नागपूरच्या पश्चिमेस, अमरावती मार्गावर वसलेली वाडी ही मालमोटारींची आणि गोदामांची वस्ती. ओझे उचलणाऱ्या हातावर येथे कितीतरी घरे चालतात. अशा हाताला पक्षाघाताने ग्रासले म्हणजे दुखणे एकाचे असते, पण मिळकत साऱ्या कुटुंबाची बुडते. कवटीला छेद न देता मेंदूला बाहेरून चालना देण्याच्या उपचारांवर आज ठिकठिकाणी पीएच.डी.चे संशोधन चालू आहे. त्याचे मोल याच हिशेबात मांडले पाहिजे.

या उपचारांमागील तत्त्व जुनेच आहे. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वाहकात वीज निर्माण होते, हे फॅरडेने १८३१ मध्ये दाखविले. त्याच आधारावर १९८५ मध्ये शेफील्ड येथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्याजवळ तारेचे वेटोळे धरून मेंदूचा हालचाली घडविणारा भाग चेतविला. दुसऱ्या पद्धतीत डोक्यावर दोन विद्युतअग्रे ठेवून एकदोन मिलिअँपियरचा सौम्य प्रवाह सोडतात. नैराश्यावरील चुंबकीय उपचारास अमेरिकेत २००८ मध्ये सरकारी मान्यता मिळाली. पक्षाघातानंतर हात सावरण्याच्या बाबतीत मात्र निष्कर्ष अद्याप एकमुखी नाहीत.

संशोधनाने खर्च कसा उतरतो, याचे उदाहरण बोलके आहे. नैराश्यावरील चुंबकीय उपचाराची प्रत्येक बैठक पूर्वी साडेसदतीस मिनिटांची असे. सुमारे तीन मिनिटांची बैठकही तितकीच गुणकारी ठरते, असे २०१८ मध्ये कॅनडातील चाचणीने दाखविले. एकाच यंत्रावर कितीतरी अधिक रुग्णांची सोय त्यामुळे शक्य झाली. परंतु वाचला तो यंत्राचा वेळ. रुग्णाचे हेलपाटे कायमच राहिले. आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे इस्पितळ गाठायचे, तर रोजंदारीवरील माणसाला उपचाराच्या खर्चापेक्षा बुडालेली मजुरी, बसभाडे आणि सोबतच्या नातलगाचा खाडा अधिक जड जातो.

म्हणूनच कमीत कमी किती बैठकी पुरतील, आणि जाणकारांच्या देखरेखीखाली हा उपचार वस्तीजवळ देता येईल काय, हे आपल्याकडील संशोधनाचे प्रश्न असावयास हवेत. त्यांची उत्तरे लहान प्रबंधांतून मिळणे कठीण. खरा प्रवाह आणि नुसता देखावा यांतील फरक ओळखण्यास रुग्णसंख्या पुरेशी लागते. दहापाच रुग्णांवरील प्रबंध पदवी मिळवून देतो, उत्तर देत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ची सर्वसाधारण मुदत सहा वर्षांची. घाईत निवडलेला सोपा विषय हा या मुदतीचाच एक परिणाम होय.

यावर उपाय एकत्र येण्याचा आहे. नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, एम्स आहे, विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र संस्था आहे. वैद्यक, अभियांत्रिकी आणि अर्थशास्त्र यांच्या विद्यार्थ्यांनी एकच आराखडा वाटून घेतला, तर प्रत्येकाचा प्रबंध स्वतंत्र राहील आणि रुग्णांची संख्याही भरीव होईल. वैद्यकीय चाचण्यांची आगाऊ नोंदणी देशात २००९ पासून बंधनकारक आहे. गुण आला नाही तर तोही निष्कर्ष तितक्याच प्रामाणिकपणे प्रसिद्ध व्हावा. कारण निष्फळ उपचारावर खर्च झालेली मजुरी कोणतेही विद्यापीठ परत करीत नाही.