कथालेखकाचे ग्रंथस्वामित्व आणि करारपत्र

फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. ११ जून १९५० रोजी त्यांचे निधन झाले. पुढे १९५३ साली आचार्य अत्रे यांनी या पुस्तकावरून काढलेल्या चित्रपटास राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. आपल्याकडील कायद्याप्रमाणे ग्रंथस्वामित्व लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकते. त्या हिशेबाने या पुस्तकाचे स्वामित्व २०१० च्या अखेरीपर्यंत, म्हणजे लेखनानंतर सत्याहत्तर वर्षे चालले. पुस्तकाचे आर्थिक आयुष्य किती दीर्घ असू शकते आणि ते कोणकोणती रूपे घेईल हे लेखनकाळी सांगता येत नाही, याचे हे बोलके उदाहरण होय.

नवा कथालेखक मात्र बहुधा याच अज्ञात भविष्याचा सौदा पहिल्या भेटीत करून टाकतो. पुस्तक निघते आहे या आनंदात ‘सर्व हक्क प्रकाशकाकडे’ हे शब्द तो वाचीत नाही. म्हणून ग्रंथस्वामित्व विकणे आणि छापण्याची परवानगी देणे यांतील भेद प्रथम ध्यानी घ्यावा. पहिल्यात घर विकले जाते, दुसऱ्यात ते भाड्याने दिले जाते. कथासंग्रहाच्या एका आवृत्तीसाठी दुसरा मार्ग सामान्यतः पुरेसा असतो.

१९५७ चा ग्रंथस्वामित्वाचा कायदा या बाबतीत लेखकाला अनुकूल आहे. हक्काचे हस्तांतर लेखी व सहीनिशी असावे लागते. तोंडी शब्दाने ते होत नाही. करारात मुदत नमूद नसल्यास ती पाच वर्षे, आणि प्रदेश नमूद नसल्यास तो भारतापुरता मानला जातो. घेतलेला हक्क प्रकाशकाने एक वर्षात वापरला नाही, तर करारात वेगळे ठरले नसल्यास तो संपुष्टात येतो. २०१२ च्या दुरुस्तीनुसार, कराराच्या वेळी अस्तित्वात नसलेल्या माध्यमाचा हक्क स्पष्ट उल्लेखावाचून दिला गेला असे समजत नाहीत. तथापि हे संरक्षण मुख्यतः कराराच्या मौनापुरते आहे. ‘कायमचे’ आणि ‘सर्व जगाकरिता’ असे शब्द लिहून त्याखाली सही केली, म्हणजे मौन संपले व त्याबरोबर बरेचसे संरक्षणही.

आता हिशेब पाहू. समजा, दोनशे रुपये किमतीच्या पुस्तकाची हजार प्रतींची आवृत्ती निघाली व छापील किमतीवर दहा टक्के स्वामित्वधन ठरले. सर्व प्रती खपल्यास लेखकाला वीस हजार रुपये मिळतील. त्याऐवजी पंधरा हजार रोख स्वीकारून हक्क विकले, तर पहिल्या आवृत्तीपुरता तोटा पाच हजारांचा दिसतो. परंतु दुसरी आवृत्ती, भाषांतर, नाट्यरूपांतर आणि चित्रपट यांचे उत्पन्नही त्याच सहीने गेलेले असते. उलट, टक्केवारीच्या करारात प्रती न खपण्याची जोखीम लेखक पत्करतो. गरज निकडीची असेल तर रोख रक्कम घेणे गैर नव्हे. मात्र ती एका आवृत्तीपुरती घ्यावी.

म्हणून सहीपूर्वी पाच गोष्टी कागदावर पाहाव्यात: कोणता हक्क, किती प्रती, किती मुदत, कोणत्या किमतीवर किती टक्के, आणि हिशेब वर्षातून केव्हा. भाषांतर, रंगभूमी, चित्रपट व ध्वनिमुद्रण यांचे हक्क स्वतःकडे असल्याचे वेगळे वाक्य घालावे. कराराची एक सही केलेली प्रत आपल्यापाशी ठेवावी.

लेखकाने व्यवहार पाहिल्याने वाङ्मयाचे पावित्र्य कमी होते, ही समजूत जुनी आहे. ती लेखकाला महाग पडते, आणि त्याच्या पश्चात त्याच्या वारसांनाही.