गडद भिंत, पिवळा दिवा आणि आजीचं टेबल

‘‘अगं, जेवायच्या जागेला कुणी बाटलीहिरवा रंग देतं का? ताटात माशी पडली तरी दिसायची नाही!’’

आईची ही पहिली रिअ‍ॅक्शन. बाबा काहीच बोलले नाहीत. आणि आमच्याकडे बाबा बोलत नाहीत तेव्हा समजायचं, मामला सिरियस आहे.

त्याला कारण होतं. त्या भिंतीला लागून जे टेबल येणार होतं, ते आजीचं. सदाशिव पेठेतला आमचा वाडा बिल्डरकडे गेला तेव्हा दारं, कड्या, पितळी हंडे सगळं वजनावर गेलं. टेबल तेवढं मी मागून घेतलं. ‘‘टू बीएचकेत हे धूड कुठं ठेवणार? देऊन टाकू या,’’ बाबा म्हणाले होते. आजी गेल्यापासून ते त्या टेबलावर जेवायला बसलेच नव्हते, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

तर, टेबल आलं आणि मी जाहीर केलं, हॉलच्या या कोपऱ्यात पक्का व्हिंटेज लुक करायचा! नेटवर फोटो बघून डोळे दिपले. इंग्लंडमधल्या हवेल्या, मखमली खुर्च्या, झुंबरं, गडद लाल भिंती. व्हिक्टोरियन काळात जेवणघरं अशी गडद असायची, कारण तिथं मुख्य जेवण रात्रीचं आणि मेणबत्त्या-गॅसबत्त्यांची काजळी अशा भिंतीवर कमी दिसायची. त्यांचं बरोबर होतं हो, पण मखमलीवर आमटी सांडली की काय करायचं?

मग जरा डोकं चालवलं. आपल्याकडे व्हिंटेज डायनिंग रूम म्हणजे नक्की काय? आपले आजी-आजोबा तर पाटावर बसून जेवायचे. आजीचं टेबलसुद्धा घरात आलं ते तिचे गुडघे दुखायला लागले म्हणून! आजोबांनी ते जुन्या बाजारातून हातगाडीवर घालून आणलं होतं.

पण गडद रंग मात्र आपल्याकडे होताच. जुन्या चाळी, सरकारी क्वार्टर्स आठवा. कमरेपर्यंत हिरव्या नाहीतर चॉकलेटी ऑइलपेंटचा पट्टा आणि वर चुना. तेलकट हात, पोरांच्या चपला, सगळं पोटात घालणारा. आणि आपली इराणी हॉटेलं! काळपट लाकूड, मार्बलची टेबलं, आरसे आणि गोल पाठीच्या त्या खुर्च्या. लाकूड वाफेवर मऊ करून वाकवायचं हे तंत्र व्हिएन्नाच्या मायकेल थोनेटनं गाजवलं. त्याची १४ नंबरची खुर्ची १८५९ ची. सुटे भाग केले की एक घनमीटरच्या खोक्यात ३६ खुर्च्या मावायच्या. फ्लॅट-पॅकचं कौतुक आज आपण करतोय! थोडक्यात, माझं व्हिंटेज मला हवेलीत नाही, इराण्याकडे सापडलं.

आणि झालं गोडाऊन!

भिंत रंगली. आई-बाबांना जेवायला बोलावलं. बाबांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, ‘‘गोडाऊन वाटतंय.’’ ताट घेऊन सरळ सोफ्यावर जाऊन बसले. मला रडूच फुटायचं बाकी होतं.

चूक भिंतीची नव्हती, डोक्यावरच्या ट्यूबची होती. प्रत्येक रंगाची एक लाइट रिफ्लेक्टन्स व्हॅल्यू असते. शून्य म्हणजे ठार काळा, शंभर म्हणजे पांढराशुभ्र. ऑफव्हाइट भिंत ऐंशीच्या आसपास, माझी बाटलीहिरवी दहाच्याही खाली. म्हणजे आजवर ट्यूबचा बराच उजेड भिंतच खोलीभर परत फेकत होती; आता ती तो गिळत होती. त्यात ६५०० केल्विनचा निळसर पांढरा प्रकाश. हिरवा रंग काळपट आणि वरण आजारी दिसणार नाही तर काय!

उपाय सोपा निघाला. ट्यूब बंद. टेबलाच्या बरोब्बर मधोमध लटकता दिवा, पृष्ठभागापासून साधारण अडीच ते तीन फुटांवर. उभं राहिलं की डोक्याला लागत नाही, बसलं की डोळ्यांत जात नाही. बल्ब २७०० केल्विनचा वॉर्म व्हाइट आणि सीआरआय ९० च्या वरचा, म्हणजे कोशिंबिरीतला टोमॅटो लालच दिसतो. भिंत मागे सरली, टेबल पुढे आलं. तेव्हा कळलं, गडद खोलीत उजेड कमी नको, नेमक्या जागी हवा.

खरेदीला निघताय?

पुण्यात जुना बाजार रविवारी आणि बुधवारी. मुंबईत चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर जाणार असाल तर शुक्रवार टाळा, बरीचशी अँटिकची दुकानं बंद असतात. ‘‘मॅडम, शंभर वर्षं जुनी आहे,’’ असं ऐकलं की खुर्ची उलटी करा. स्टार स्क्रू बाजारात आले ते १९३० च्या दशकात. खुर्ची १९१० ची आणि स्क्रू सगळे स्टार? मग एकतर ती नंतरची आहे, नाहीतर बरीच दुरुस्त झालेली. घ्या, पण भाव तसा करा. जुना पितळी दिवा घेतलात तर आतली वायर बदलल्याशिवाय लावू नका.

रंगाचं म्हणाल तर गडद शेडखाली राखाडी प्रायमर मारायला सांगा, हात कमी लागतात. आमचा पेंटर दोन हातांवर थांबत होता, तिसरा भांडून मारून घेतला. पक्का मॅट दिसतो देखणा, पण त्यावर तेलकट बोटं उठतात. त्यामुळे धुता येणारा, हलक्या चमकेचा पेंट बरा. मात्र पुट्टी नीट घासून घ्या, कारण चमक प्रत्येक उंचवटा दाखवते. आणि भाड्याचं घर असेल तर? घरमालकाला आधी विचारा. एकच भिंत रंगवा. सोडताना परत पांढरी करायचा खर्च आत्ताच बाजूला ठेवा.

डाग राहू दे

पॉलिशवाल्यानं टेबलावर एक गोल जळका डाग दाखवला होता. ‘‘घासून टाकतो, नवंकोरं दिसेल.’’ का कोण जाणे, मी नको म्हटलं. नुसतं मेण लावून घेतलं.

दिवा लागल्यावर आई-बाबा पुन्हा आले. या वेळी बाबा थबकले. पिवळ्या उजेडात तो डाग लख्ख दिसत होता. त्यांनी त्यावर बोट फिरवलं. ‘‘हा माझा पराक्रम. दहावीत होतो. चहाचं गरम पातेलं तसंच ठेवलं. आठ दिवस बोलली नव्हती माझ्याशी.’’

आणि खुर्ची ओढून बसले. भिंतीकडची, त्यांची नेहमीची बाजू. आईनं ताटं घेतली. जेवण साडेनऊला संपलं, बाबा उठले पावणेबाराला. वाड्यातल्या अशा गोष्टी सांगितल्या, ज्या मी कधीच ऐकल्या नव्हत्या.

निघताना आई भिंतीकडे बघत म्हणाली, ‘‘माशी दिसते गं, तशी.’’