लोहपुरुषांची शर्यत

पोहणारा, सायकलस्वार आणि धावणारा यांत अधिक काटक कोण? हवाई बेटांवरील या वादाचा निकाल लावण्यासाठीं आरमारी अधिकारी जॉन कॉलिन्स यांनीं तेथील तीन जुन्या शर्यती एकत्र गुंफल्या. ३.८ किलोमीटर पोहणें, १८० किलोमीटर सायकल आणि शेवटीं मॅरेथॉन, तेंही एकाच दिवसांत! पहिला येणारा 'आयर्नमॅन', म्हणजे लोहपुरुष. १८ फेब्रुवारी १९७८ रोजीं १५ जण उतरले, १२ पोंचले. डनबार धावण्याच्या आरंभीं पुढें होता. पण मदतनिसांजवळचें पाणी संपल्यानें त्यांनीं त्यास बिअर पाजली! ११ तास ४७ मिनिटांच्या आंत हॅलर जिंकला. वाद मात्र मिटला नाहीं.

या शर्यतीचें निम्म्या अंतराचें रूप २०१९ मध्यें पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर अवतरलें. महासाथीमुळें दोन वर्षें खंड पडला; २०२२ पासून ती पुन्हा भरूं लागली.