सेवा, शुश्रूषा आणि यंत्र

मागच्या व्याख्यानात आपण कारखान्यातल्या यंत्रमानवांचा विचार केला. ते जाळीच्या कुंपणाआड मोटारी जोडतात, रंग देतात, आणि तुमचा-आमचा त्यांच्याशी संबंध येत नाही. आज आपल्याला कुंपणाबाहेर आलेल्या यंत्रांकडे पाहायचं आहे. त्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार केले जातात. एखादं काम उरकून देतो तो सेवा-रोबो. माणसाच्या बोलण्याला, स्पर्शाला प्रतिसाद देतो, सोबत करतो तो सामाजिक रोबो. ही वर्गवारी तंत्रज्ञांची आहे. नीतिशास्त्राच्या दृष्टीनं तिचा अर्थ काय होतो, हा आजचा विषय.

आधी शब्दापासून सुरुवात करू. ‘रोबो’ हा शब्द जगाला मिळाला तो कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या ‘आर. यू. आर.’ या नाटकातून. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे वेठ, सक्तीची मजुरी. म्हणजे शब्दाच्या जन्मातच वेठबिगार आहे. विचार त्याहून कितीतरी जुना. माग जर आपणहून विणू लागले, तर धन्याला गुलामांची गरज उरणार नाही, अशा आशयाचं ॲरिस्टॉटलनं ‘पॉलिटिक्स’मध्ये लिहून ठेवलं आहे. त्याला ते अशक्य वाटत होतं, आणि म्हणून गुलामगिरी आवश्यक वाटत होती. आज माग आपणहून विणतात. मग प्रश्न असा की, कोणकोणती कामं आपण यंत्राच्या हवाली करायची?

पहिलं उदाहरण आपल्याच देशातलं. केरळमधल्या जेनरोबोटिक्स या कंपनीनं २०१८ च्या सुमारास ‘बँडिकूट’ नावाचं यंत्र वापरात आणलं. बँडिकूट म्हणजे आपली घूस. हे यंत्र मॅनहोलमध्ये उतरून गाळ काढतं आणि चालवणारा माणूस वर, मोकळ्या हवेत, पडद्याकडे पाहत उभा असतो. माणसाला गटारात उतरवून सफाई करून घेण्यावर २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. तरीही विषारी वायूनं गुदमरून माणसं मरायची थांबलेली नाहीत, आणि ती कोणत्या जातींची असतात हेही आपल्याला ठाऊक आहे. इथे ‘यंत्र आणावं का’ असा प्रश्नच नाही. ‘इतकी वर्षं का आणलं नाही’ असा आहे. फार तर पुढचा प्रश्न विचारता येईल, की पडद्यासमोरची जागा कुणाला मिळणार? पूर्वी आत उतरणाऱ्याला, की दुसऱ्याच कुणाला? गटारातून माणूस वर काढायचा आणि त्याच वेळी कामावरूनही काढायचा, याला न्याय म्हणता येणार नाही.

आता दुसरं उदाहरण. जपानमध्ये ताकानोरी शिबाता या संशोधकानं ‘पारो’ नावाचा रोबो तयार केला. दिसायला सीलचं पांढरंशुभ्र पिल्लू, वजन तीन किलोच्या आत. कुरवाळलं की ते मान वळवतं, डोळे मिटतं, बारीक आवाज काढतं. कुत्रा किंवा मांजर न करता सीलच का केलं? कारण कुत्र्या-मांजरांशी आपला रोजचा परिचय असतो, नक्कल लगेच उघडी पडते. सील फारसा कुणी हाताळलेला नसतो. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना पारोमुळे शांत वाटतं, असं अनेक ठिकाणी आढळलं आहे. अमेरिकेत २००९ साली त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यताही मिळाली.

यात वावगं काय, असं तुम्ही विचाराल. रॉबर्ट आणि लिंडा स्पॅरो या ऑस्ट्रेलियन अभ्यासकांनी २००६ साली यावर कडक आक्षेप घेतला. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: म्हाताऱ्या माणसाला जो आनंद होतो, तो ‘याला माझ्याविषयी काही वाटतं’ या समजुतीवर उभा आहे, आणि ती समजूत खोटी आहे. म्हणजे ही फसवणूकच झाली.

आपल्याला हा आक्षेप अर्धा पटतो. लहान मूल बाहुलीला भरवतं तेव्हा त्याला कुणी फसवलेलं नसतं, ते खेळत असतं. पण खेळ आणि खरं यांतली रेघ ज्याच्या मनातून पुसली गेली आहे, त्याच्या बाबतीत तेच म्हणता येईल का? शिवाय ज्यांची रेघ शाबूत आहे, तेही गुंततात. सोनी कंपनीनं १९९९ साली ‘आयबो’ नावाचा यांत्रिक कुत्रा विकायला काढला, २००६ साली उत्पादन थांबवलं, २०१४ साली दुरुस्तीही बंद केली. त्यानंतर चिबा प्रांतातल्या एका बौद्ध मंदिरात बंद पडलेल्या आयबोंचे अंत्यविधी झाले. ते यंत्र आहे हे मालकांना पक्कं माहीत होतं. दुःख तरीही खरं होतं. माया एका बाजूनं खरी असते आणि दुसऱ्या बाजूला असतो विक्रीचा हिशोब. हा व्यवहार समान पातळीवरचा नाही.

आता दोन्ही उदाहरणं शेजारी ठेवू. गाळ निघाला की काम झालं. तो कुणी काढला यानं गाळाला फरक पडत नाही. सोबतीचं मात्र तसं नाही. तिथे ‘कुणी केलं’ हाच कामाचा गाभा आहे. आपल्या भाषेत यासाठी एक सुंदर शब्द आहे: शुश्रूषा. संस्कृतात ‘श्रु’ म्हणजे ऐकणं, आणि शुश्रूषा म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा. यंत्राला आवाज टिपता येतो, उत्तरही देता येतं. पण त्याला ऐकावंसं वाटत नाही.

मग सेवा यंत्रानं करावी आणि शुश्रूषा माणसानं, असं म्हणून मोकळं होता येईल का? नाही, कारण प्रत्यक्षात ही दोन्ही एकाच कामात मिसळलेली असतात. अंथरुणाला खिळलेल्या आजींना उचलून खुर्चीत बसवायचं आहे. उचलणं ही ताकदीची बाब. ती यंत्रानं केली तर सांभाळणाऱ्या बाईची कंबर वाचेल. पण उचलताना ‘आजी, रात्री झोप लागली का?’ असं जे विचारलं जातं, ते त्या उचलण्यातच असतं. यंत्र आलं आणि बाईची वाचलेली दहा मिनिटं आजींशी बोलण्यात गेली, तर उत्तम. ती दहा मिनिटं संस्थेनं आणखी दोन रुग्णांना वाटून टाकली, तर आजींच्या वाट्याचं बोलणं संपलं. दोन्हीकडे यंत्र तेच आहे. नैतिक फरक त्या दहा मिनिटांत आहे.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. आंघोळीला, शौचाला परक्या माणसाचा हात लागण्यापेक्षा यंत्र बरं, असं एखादे आजोबा म्हणतील. त्यात त्यांची लाज, त्यांचा स्वाभिमान आहे. तो निर्णय त्यांचा. परदेशातल्या मुलानं पुण्यातल्या घरात परस्पर कॅमेरेवालं यंत्र बसवणं हा मात्र आजोबांचा निर्णय नव्हे, मुलाची काळजी कितीही खरी असली तरी.

आणि ‘यंत्र नसतं तर कुणीच नसतं’ हा युक्तिवाद? तो पुष्कळदा खरा असतो, आणि रिकाम्या खोलीपेक्षा पारो बरा हेही आपण मान्य करू. पण खोली रिकामी कशी झाली, हे विचारायचं सोडून चालणार नाही. शुश्रूषा करणाऱ्यांना आपण पगार किती देतो, मान किती देतो, सुट्टी देतो का, याची उत्तरं कुठल्याही प्रयोगशाळेत तयार होणार नाहीत.

तेव्हा घरात किंवा संस्थेत असं यंत्र येईल, तेव्हा निदान तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. ज्याच्यासाठी आणलं त्याला विचारलं का? वाचलेला वेळ कुणाकडे गेला? आणि कंपनीनं उद्या हात वर केले, तर जीव लावलेल्या माणसाचं काय? पुढच्या व्याख्यानात आपण यंत्राच्या हातून अपाय झाला तर जबाबदार कोण, हा प्रश्न घेऊ. आता तुमचे प्रश्न.