श्रवणक्षमता, व्यावसायिक वाहनचालकांची
श्रवणक्षमता, व्यावसायिक वाहनचालकांची : ट्रक, बस इ. वाहनांच्या चालकांनी वैद्यकीय तपासणीत सिद्ध करावयाची ऐकण्याची किमान पात्रता. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आंतरराज्य वाहतुकीसाठी ती संघीय नियमांनी ठरविली आहे. तीनुसार अधिक चांगल्या कानाने किमान ५ फूट (सु. १·५ मी.) अंतरावरून कुजबुज ऐकू यावी लागते. परीक्षक सामान्य उच्छ्वासानंतर अंक वा शब्द कुजबुजतो. चालकाचा दुसरा कान त्या वेळी झाकलेला असतो. ही चाचणी बिनखर्चाची असली, तरी कुजबुजीची तीव्रता परीक्षकागणिक बदलते. श्रवणमापकाने तपासल्यास ५००, १,००० व २,००० हर्ट्‌झ या कंप्रतांवरील श्रवणऱ्हासाची सरासरी चांगल्या कानात ४० डेसिबेलपेक्षा अधिक नसावी. बोलणे समजण्यास या कंप्रता महत्त्वाच्या असतात. दोहोंपैकी एक निकष पुरेसा असतो. श्रवणयंत्र लावून तो पूर्ण करता येतो. मात्र वाहन चालविताना ते वापरण्याची अट प्रमाणपत्रात नमूद होते.

भोंगे, आपत्कालीन वाहनांचे इशारे व यंत्रातील बिघाडाचे आवाज वेळीच ऐकू यावेत, हा या नियमामागील हेतू होय. उलटपक्षी, वाहनाच्या गोंगाटात निर्दोष कानांनाही हे ध्वनी अस्पष्टच ऐकू येतात व चालक मुख्यतः दृष्टीवर विसंबतो. त्यामुळे सरसकट बंदीने बधिर व्यक्तींची उपजीविका विनाकारण हिरावली जाते, असा युक्तिवाद केला जातो. २०१३ मध्ये ४० श्रवणबाधित चालकांना या निकषातून सूट देण्यात आली. सूट देताना अर्जदाराचा वाहन चालविण्याचा पूर्वेतिहास तपासला जातो. सूटधारकास आंतरराज्य मार्गावर प्रवासी बस मात्र चालविता येत नाही.