खाटेवरचे मत

दिंद्रुडचा (ता. माजलगाव) मतदार अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात दाखल असला, तरी त्याचे मत गावातल्या केंद्रावरच. १३ मे २०२४ रोजी बीड लोकसभेसाठी मतदान झाले, तेव्हाही केवळ रुग्ण म्हणून टपाली मतपत्रिका मिळत नव्हती.

घरून मतदान करता येते ते ८५ वर्षांपुढच्या ज्येष्ठांना आणि किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्यांना. अधिसूचनेनंतर पाच दिवसांत नमुना १२-ड भरून द्यावा लागतो.

२०२० च्या बिहार निवडणुकीत कोविडबाधितांना टपाली मताची मुभा मिळाली होती. मग पाय मोडून पडलेल्याला का नाही?

केंद्रापर्यंत पोहोचलेल्या, पण बटण दाबू न शकणाऱ्या मतदाराला १८ वर्षांवरील सोबती आत नेता येतो.