अपलोड ९० टक्क्यांवर तुटलं, तर पुन्हा शून्यापासून का?

एखाद्या स्पर्धेसाठी २०० एमबीचा व्हिडिओ पाठवायचा आहे आणि मुदत आजच संपतेय. अपलोडचा वेग सेकंदाला २ मेगाबिट असेल, तर फाइल जायला साधारण १३ मिनिटं लागतात. बाराव्या मिनिटाला रेंज जाते आणि स्क्रीनवर येतं, 'पुन्हा प्रयत्न करा'. पुन्हा म्हणजे अगदी पहिल्यापासून. तोवर गेलेले १८० एमबी वाया. अशा वेळी सगळे नेटवर्कला दोष देतात. पण नेटवर्क कधी ना कधी तुटणारच. खरा प्रश्न असतो तो एपीआयच्या रचनेचा.

एपीआय म्हणजे ब्राउझर किंवा ॲपने सर्व्हरशी कसं बोलायचं, याचे ठरलेले नियम.

जुनी पद्धत कुठे कमी पडते?

वेबपेजवरच्या फॉर्ममधून फाइल पाठवण्याची पद्धत नोव्हेंबर १९९५ मध्ये 'आरएफसी १८६७' या दस्तऐवजात मांडली गेली. नाव, पत्ता आणि फाइल असं सगळं एकाच रिक्वेस्टमध्ये बांधून पाठवायचं, ही तिची कल्पना. पासपोर्ट साइज फोटोसाठी ती आजही उत्तम चालते. पण रिक्वेस्ट मध्येच तुटली, तर 'उरलेला भाग घे' असं सर्व्हरला सांगण्याची सोय तिच्यात नाही. त्यामुळे अर्धवट आलेली फाइल सहसा टाकून दिली जाते.

मग उपाय काय?

सर्व्हरला 'कुठपर्यंत पोहोचलं?' असं विचारता आलं पाहिजे. 'टस' नावाचा खुला प्रोटोकॉल नेमका हेच करतो. त्याचं काम तीन टप्प्यांत चालतं.

१. नोंदणी : ब्राउझर 'पोस्ट' रिक्वेस्ट पाठवून फाइल किती मोठी आहे ते कळवतो. सर्व्हर त्या अपलोडसाठी स्वतंत्र पत्ता देतो.

२. पाठवणी : त्या पत्त्यावर 'पॅच' रिक्वेस्टने डेटा जातो. हा डेटा कितव्या बाइटपासूनचा आहे, हेही सोबत सांगितलं जातं. या आकड्याला 'ऑफसेट' म्हणतात.

३. चौकशी : संपर्क तुटला, तर ब्राउझर 'हेड' रिक्वेस्टने ऑफसेट विचारतो आणि तिथून पुढचाच भाग पाठवतो.

वरच्या उदाहरणात मग फक्त २० एमबी उरतात, म्हणजे सुमारे ८० सेकंदांचं काम.

पोचपावती हरवली तर?

कधी कधी डेटा पोहोचतो, पण सर्व्हरची पोचपावती वाटेत हरवते. ब्राउझरला वाटतं डेटा गेलाच नाही, म्हणून तो तोच भाग पुन्हा पाठवतो. सर्व्हरने तो डोळे झाकून जोडला, तर व्हिडिओ खराब होईल. इथे ऑफसेट कामी येतो. ब्राउझरने सांगितलेला आकडा आणि सर्व्हरकडचा आकडा जुळला नाही, तर सर्व्हर ४०९ हा एरर कोड देतो आणि डेटा नाकारतो. ब्राउझर मग खरा ऑफसेट विचारून घेतो.

सर्व्हरने कशावर विश्वास ठेवू नये?

फाइलच्या नावावर आणि एक्स्टेन्शनवर. 'फोटो.जेपीजी' या नावाखाली कुठलाही प्रोग्राम येऊ शकतो. म्हणून फाइलचे सुरुवातीचे बाइट्स तपासतात. उदाहरणार्थ, जेपीईजी फाइलचे पहिले दोन बाइट ठरलेले असतात. तेही बनावट असू शकतात, त्यामुळे ही तपासणी पहिली चाळणी समजावी, शेवटची नव्हे. साठवताना सर्व्हरने फाइलला स्वतःचं नाव द्यावं.

आकाराची मर्यादा नोंदणीच्या वेळीच तपासावी. १३ मिनिटं खर्चून 'फाइल फार मोठी आहे' हे ऐकण्यापेक्षा पहिल्याच सेकंदाला कळलेलं बरं.

ही सोय फुकट मिळते का?

नाही. अर्धवट फाइल्स सांभाळायला सर्व्हरवर जागा लागते. त्यामुळे त्या किती काळ ठेवायच्या याची मुदत ठरवून ती ब्राउझरला कळवावी लागते. काही केबींच्या फोटोसाठी हा खटाटोप नको, तिथे जुनी पद्धत पुरेशी आहे. पण फाइल मोठी आणि रेंज बेभरवशाची असेल, तिथे हा खर्च न करणं म्हणजे तो वापरणाऱ्याच्या वेळेवर आणि डेटा पॅकवर ढकलणं. मुदत आजच संपत असेल, तर त्याची संधीही जाऊ शकते.